डोहाळजेवणाची पातळ भाजी

वसुधा देशमुखच्या हातची पालकाची पातळ भाजी त्या गावातल्या मराठी मंडळींमध्ये गाजलेली होती. मंडळी म्हणजे काही फार नव्हती. इलिनॉयमधलं, मक्याच्या शेतांनी वेढलेलं युनिव्हर्सिटीचं गाव. त्यात दोन-तीन नोकरदारांची घरं आणि बाकी सगळे विद्यार्थी. कुणाकडे जमायचं ठरलं की सरलाकाकू फोनवरून पदार्थ वाटून द्यायच्या आणि वसुधाच्या वाट्याला दरवेळी तीच भाजी यायची. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, आंबटसर ताक आणि वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. "अगं, थेट अळूचं फदफदं लागतंय," असं कुणीतरी म्हणायचंच. वसुधा "चल, काहीतरीच!" म्हणून मान खाली घालायची. पण तिला ते ऐकायला हवं असायचं. लॅबमध्ये तिचं कौतुक करावं असं बरेच दिवस काही घडलंच नव्हतं.

पीएचडीचं तिचं तिसरं वर्ष चालू होतं. डॉ. ओल्सन यांच्या लॅबमध्ये ती हिरव्या शेवाळावर काम करायची. मोठाल्या काचेच्या बाटल्यांत दिव्यांखाली शेवाळ वाढवायचं, त्यात हवेचे बुडबुडे सोडत राहायचं, मग त्याच्या पेशी फोडून त्यातलं एक एन्झाइम शुद्ध करायचं. ते एन्झाइम शुद्ध होईपर्यंत निकामी होऊन जायचं. पुन्हा बाटल्या, पुन्हा बुडबुडे. अमरावतीहून निघताना कॉलेजात तिचा सत्कार झाला होता, आणि इथे दर मीटिंगला डॉ. ओल्सन शांतपणे विचारायच्या, "मग, या आठवड्यात काय?" आणि वसुधाकडे सांगायला काही नसायचं.

तिच्या शेजारच्या टेबलावर डग लिंडक्विस्ट काम करायचा. मिनेसोटातल्या शेतकऱ्याचा मुलगा, लाल दाढीचा, बोलायला मोकळा. तो पालकावर काम करायचा. तण मारायची औषधं पानातलं प्रकाशसंश्लेषण नेमकं कुठे अडवतात, हे त्याला शोधायचं होतं. त्यासाठी लॅबच्या ग्रोथ चेंबरमध्ये, म्हणजे दिव्यांच्या उजेडात झाडं वाढवायच्या बंद खोलीत, बाराही महिने पालक लावलेला असायचा. बाहेर बर्फ साचलं असलं तरी आत ओंजळभर रुंदीची कोवळी, लुसलुशीत पानं. गावातल्या सुपरमार्केटात हिवाळ्यात मिळायचा तो पालक विटेसारखा गोठवलेला. त्याची भाजी करायची म्हणजे हिरव्या पाण्याला फोडणी द्यायची. डगचं काम झालं की तो उरलेल्या पानांची पिशवी वसुधाच्या टेबलावर आणून ठेवायचा. "घेऊन जा. नाहीतर कचऱ्यातच जाणार आहे."

पानं ठेवायच्या कोल्ड रूमच्या दारावर डॉ. ओल्सननी मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती, की आतलं काहीही खाण्यासाठी नाही. पण डग स्वतः देतोय, कुठल्या पानांवर काय केलंय ते त्याला पाठ आहे, म्हणून वसुधाला त्यात वावगं वाटायचं नाही. मंडळींना मात्र तिने कधी सांगितलं नव्हतं. इतका ताजा पालक आणतेस कुठून, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "आहे एक ठिकाण."

त्या नोव्हेंबरात मालिनीचं डोहाळजेवण ठरलं. मालिनी म्हणजे रवीची बायको. रवी इंजिनिअरिंगला होता. लग्न करून तिला घेऊन आला त्याला वर्षही झालं नव्हतं. मुलगी साताऱ्याची, वयाने लहान, बडबडी. व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून दिवसभर त्या दोन खोल्यांत एकटी. त्यात दिवस गेले आणि तिला अन्नच जाईना. सहावा महिना लागला तरी उलट्या थांबेनात. मनगटं नुसती काडीसारखी झाली होती. ती वसुधाला फोन करायची आणि म्हणायची, "वसुधाताई, मला काही नको गं. फक्त आईच्या हातचं अळूचं फदफदं आणि भाकरी. तेवढं कुणी दिलं ना, तर मी बसून खाईन."

"मी आणते की माझी पातळ भाजी," वसुधा म्हणाली होती. "डोहाळजेवणाला."

सरलाकाकूंनी रविवार नक्की केला. त्यांचे यजमान पुरुषोत्तमकाका खास गाडी काढून शिकागोला डेव्हन रस्त्यावरच्या भारतीय दुकानांत जाऊन नारळ, डाळी, हिरव्या बांगड्या असं सगळं घेऊन आले. शनिवारी वसुधा लॅबमध्ये गेली तर डग नव्हता. हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला होता, तो भावाबरोबर गावी गेला होता. तिकडच्या जंगलातल्या झोपडीत फोन नव्हता. वसुधाने कोल्ड रूमचं दार उघडलं. मधल्या फळीवर पालकाच्या दोन गच्च भरलेल्या पिशव्या शेजारी शेजारी होत्या. नेहमी असायच्या तशाच.

ती क्षणभर घुटमळली. डगने दिलेला पालक वेगळा आणि न विचारता उचललेला वेगळा, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण उद्या मालिनीसमोर जाऊन गोठवलेल्या विटेची भाजी ठेवायची? तिने पुढची पिशवी उचलली. पिशवीवरची लेबलाची चिकटपट्टी दमटपणाने सुटत आली होती. ती फळीच्या कडेला अडकली, निघाली आणि खाली, दुसऱ्या पिशवीच्या आधीच गळून पडलेल्या पट्टीशेजारी पडली. वसुधाने ती पाहिली. हात भरलेले होते, आत थंडी होती. ती तशीच बाहेर आली.

रविवारचं डोहाळजेवण फार छान झालं. सरलाकाकूंनी मालिनीला हिरवी साडी नेसवली, कागदी फुलांचं मखर केलं, ओटी भरली. वाट्या झाकून पेढा की बर्फी असा खेळ झाला, त्यात बर्फी निघाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पानं वाढली. आणि मालिनी जेवली. सगळी तिच्याकडे बघत होती, कारण ती खरोखर जेवत होती. तिने भात कालवला, भाजी ओतून घेतली, पुन्हा मागितली. रवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "वसुधा, यार, तू रोजच आमच्याकडे राहायला ये."

पुरुषोत्तमकाकाही म्हणाले, "आज अन्नपूर्णा प्रसन्न आहे बरं का!"

वसुधाला इतकं बरं वाटलं, की उरलेली सगळी भाजी तिने आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून मालिनीच्या हातात दिली. "उद्या गरम करून खा."

सोमवारी सकाळी डग आला. हरीण मिळालं नव्हतं, पण स्वारी खुशीत होती. कोट काढून तो कोल्ड रूममध्ये गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात पालकाची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात दोन भिजलेल्या चिकटपट्ट्या.

"वसुधा, माझी एक पिशवी कुणी नेली का गं?" त्याने विचारलं. "दोन होत्या. एक साधी आणि एक औषध मारलेली."

"मला नाही माहीत," वसुधा म्हणाली.

म्हणजे ती तसं म्हणाली हे तिला स्वतःचा आवाज ऐकल्यावर कळलं. वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. ती बाटलीतल्या शेवाळाकडे बघत उभी राहिली.

"कसलं औषध?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

"नवीन आहे. कंपनीने गेल्या आठवड्यातच पाठवलंय तपासायला. अजून नाव पण नाही, नुसता नंबर." डगने दोन्ही पट्ट्या टेबलावर चिकटवल्या. "लेबलं खाली पडलेली. आता ही राहिलेली पिशवी साधी की फवारलेली, काय सांगणार? कुणीतरी सफाई केली असेल. जाऊ दे, पुन्हा लावतो." आणि त्याने ती पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

तो एवढ्यावर विसरूनही गेला. रेडिओ लावून कामाला लागला. कुणी काही विचारणार नव्हतं, कुणाला काही कळणार नव्हतं.  वसुधाच्या डोळ्यांसमोर मात्र भात कालवणारा मालिनीचा हात येत होता. आणि फ्रिजमधला तो आइसक्रीमचा डबा.

कॉरिडॉरमध्ये भिंतीवर फोन होता. ती तिथपर्यंत गेली. मालिनीचा नंबर तिला पाठ होता. चार आकडे फिरवून तिने रिसीव्हर खाली ठेवला. काय सांगायचं? भाजी खाऊ नकोस, म्हटलं की ती विचारणार, का? खरं सांगायचंच असं नव्हतं. ताक नासकं होतं, असं म्हणता आलं असतं. एवढं खोटंही पुरलं असतं. पण 'वसुधाची भाजी खराब निघाली' हेसुद्धा तोंडातून काढवेना. आणि समजा, नेलेली पिशवी साधीच असेल तर? मग उगाच कशाला घाबरवायचं तिला, या दिवसांत? आधी खात्री करून घ्यावी. पुराव्याशिवाय बोलू नये हेच तर आपल्याला इथे शिकवतात. असं तिने स्वतःला समजावलं, आणि ते इतकं शहाणपणाचं वाटलं की ती परत लॅबमध्ये आली.

खात्री करणं अवघड नव्हतं. कचऱ्यातली पानं वाटायची, गाळायची, त्यातले हिरवे कण वेगळे काढायचे आणि ऑक्सिजन मोजायच्या यंत्रात घालून त्यांच्यावर दिवा सोडायचा. पानं निरोगी असली तर ऑक्सिजन सुटतो आणि कागदावरचा पेन वर चढतो. फवारलेली असली तर पेन हलत नाही. राहिलेली पानं फवारलेली निघाली, की गेलेली पिशवी साधी. मग प्रश्नच मिटला.

पण यंत्रावर डग बसला होता. "मला जेवणापर्यंत लागेल," तो म्हणाला. वसुधाला म्हणता आलं असतं, की माझं फार तातडीचं आहे. तातडीचं काय, असं त्याने विचारलं असतं. ती "बरं" म्हणाली. डग पाणी प्यायला गेला तेव्हा तिने कचऱ्यातून पिशवी उचलून आपल्या खणात ठेवली. मग नळ्या धुतल्या, धुतलेल्या पुन्हा धुतल्या. खिडकीबाहेर मुलं दप्तरं घेऊन वर्गांना जात होती. मध्ये एकदा तिच्या मनात आलं की मालिनी उशिरा उठते, उशिरा जेवते, अजून वेळ आहे. त्या विचाराने तिला धीर आला आणि पुढे कितीतरी दिवस हाच विचार आठवून तिला अंगावरची कातडी सोलून काढावीशी वाटायची.

डग जेवायला गेल्यावर ती यंत्राशी बसली. हात सराईत होते, ते आपोआप चालले. पानं वाटली, गाळली, यंत्रात घातली. दिवा लावला.

पेन वर चढला. सरळ, स्वच्छ रेघ. त्या वर्षभरात तिच्या हातून इतका चांगला निकाल आला नव्हता. राहिलेली पानं निरोगी होती. म्हणजे फवारलेली पिशवी तिने शिजवली होती.

या वेळी ती धावत फोनकडे गेली.

"वसुधाताई!" मालिनी पलीकडून हसली. "शंभर वर्षं आयुष्य आहे गं तुला. आत्ताच तुझं नाव काढलं. भाजी संपवली मी सगळी! पोळी नव्हती तर ब्रेडबरोबर खाल्ली, आणि मग नुसती प्यायले. डबा पुसून खाल्ला म्हण."

"कधी?"

"आत्ताच की. हात धुऊन बसलेय. आणि ऐक ना, पोटात टिकलीय. दोन दिवस एकही उलटी नाही."

 "बरी आहेस ना?" एवढंच वसुधाने विचारलं.

"एकदम मस्त. का गं? तुझा आवाज असा का येतोय?"

"काही नाही. नंतर बोलते," वसुधा म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ठेवल्यावर तिला कळलं, की आताही ती सांगायचं टाळूनच मोकळी झाली.

ती डॉ. ओल्सन यांच्या खोलीत गेली तेव्हा त्या उभ्या उभ्या सँडविच खात होत्या. वसुधाने दारातच सगळं सांगून टाकलं: पिशवी, डोहाळजेवण, मालिनी, डबा. डोहाळजेवणाला इंग्रजीत काय म्हणतात तिला सुचलं नाही. ती म्हणाली, बाळ येणार म्हणून आईला तिच्या आवडीचं खाऊ घालतात, त्या जेवणाला. हे तिने स्वतःच्याच कानांनी ऐकलं. डॉ. ओल्सननी सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी डगला बोलावलं, औषधाचा नंबर लिहून घेतला आणि कंपनीला फोन लावला.

डग भिंतीला टेकून उभा होता. "मी तुला सकाळी विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याला ते खरंच समजत नव्हतं.

कंपनीच्या माणसाने बराच वेळ माहिती दिली. पानावर बसणारी मात्रा फारच थोडी असते. उंदरांना त्याच्या कित्येक पट देऊन पाहिलंय, काही झालेलं नाही. शिजवल्यावर बहुधा आणखी कमी होत असावं. डॉ. ओल्सननी विचारलं, "आणि गाभण उंदरांना?"  तो अभ्यास अजून चालू आहे, असं उत्तर आलं.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "आपण तिच्या घरी जाऊ. मी बरोबर येते. पण सांगायचं तू."

मालिनीच्या घरी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. रवी नुकताच वर्गावरून आला होता. दारात आपल्या मैत्रिणीबरोबर तिची प्रोफेसरबाई बघून मालिनीची तारांबळ उडाली, ती साडीचा पदर सारखा करत म्हणाली, "या ना, या. चहा टाकते." स्वयंपाकाच्या ओट्यावर धुतलेला आइसक्रीमचा डबा पालथा घातलेला होता. वसुधाने तिला खुर्चीवर बसवलं आणि मराठीत सांगितलं. सांगताना ती मालिनीच्या पायांकडे बघत होती. पायांवर सूज होती.

रवी आधी समजलाच नाही. मग समजला. "लॅबमधला? तू लॅबमधला पालक आणून खायला घातलास? तुला अक्कल आहे का, वसुधा? अरे, काय माणूस आहेस तू!" तो खोलीभर फिरायला लागला. डॉ. ओल्सन त्याला इंग्रजीत समजावू लागल्या, की हॉस्पिटलला कळवलंय, डॉक्टर आत्ताच तपासतील, धोका बहुतेक नाहीच.

मालिनी मात्र वसुधाकडे बघत होती. तिने दोन्ही हात पोटावर धरले होते.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

वसुधाने हा प्रश्न गाडीत बसल्यापासून मनात धरला होता. दुपारी कळलं, असं म्हणता आलं असतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. खात्री दुपारीच झाली होती. डॉ. ओल्सनना मराठी येत नव्हतं. "सकाळी," ती म्हणाली. "लॅबमध्ये गेल्या गेल्या."

मालिनीने मनाशी हिशेब केला. तो तिच्या चेहऱ्यावर दिसला.

"मी दुपारी जेवले," ती म्हणाली.

"हो."

"सकाळभर तो डबा फ्रिजमध्ये होता."

वसुधाने मान हलवली.  मालिनी उठली, आत जाऊन कोट घालून आली आणि रवीला म्हणाली, "चला."

डॉक्टरांना काही वाईट आढळलं नाही. बाळाचे ठोके नीट होते. पण काही झालंय की नाही हे जन्मल्यावरच कळणार, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे सगळा हिवाळा वाट बघायची होती.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी वसुधाने डोहाळजेवणाला आलेल्या प्रत्येकाला फोन केला. तो तिने स्वतः केला, तेवढं एक तिने टाळलं नाही. बहुतेकांनी काही सुनावलं नाही. पुरुषोत्तमकाका म्हणाले, "आम्हा म्हाताऱ्यांना काय होतंय? पोरीची काळजी कर." सरलाकाकू एवढंच म्हणाल्या, "तू जेवलीस का?" वसुधाला तेव्हा रडू आवरलं नाही. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

युनिव्हर्सिटीने चौकशी केली, लेखी ताकीद दिली, कोल्ड रूमची किल्ली काढून घेतली. नव्या विद्यार्थ्यांना सुरक्षिततेचे नियम समजावताना 'आपल्याच एका विद्यार्थिनीने' अशी सुरुवात करून तिची गोष्ट सांगायची पद्धत पडली. नाव घेत नसत. घ्यायची गरजही नव्हती. नियम सगळ्यांनी ऐकायचे असल्यामुळे वसुधाला मागच्या रांगेत बसून ते ऐकावं लागे.

संक्रांतीला सरलाकाकूंचा फोन आला. नेहमीसारखे पदार्थ वाटून देत होत्या. "पद्मिनी गुळाच्या पोळ्या करतेय, सुलेखाकडे भात. तू असं कर वसुधा, कागदी प्लेट्स आण. आणि नॅपकिन्स." त्या अगदी मायेने म्हणाल्या. वसुधा प्लेट्स घेऊन गेली. मालिनी आणि रवी आले नव्हते. पुढेही जेव्हा जेव्हा जमणं झालं तेव्हा तिच्या वाट्याला प्लेट्स आल्या, कधी कोक, कधी बर्फ. बंद पाकिटातल्या वस्तू.

मार्चमध्ये मालिनीला मुलगी झाली. रवीनेच फोन केला. "नॉर्मल आहे सगळं. डॉक्टरांनी दोनदा तपासलंय," तो म्हणाला. "तुला कळवायला हवं म्हणून केला." वसुधा "थँक यू" म्हणाली. अभिनंदन म्हणायचं राहिलंच. फोन ठेवून ती कॉटवर बसली, आणि सुटल्यासारखं वाटेल असं जे इतके महिने ती धरून चालली होती, ते वाटलं नाही. बाळ धडधाकट होतं यात तिचं कर्तृत्व काहीच नव्हतं. ते धडधाकट नसतं, तरी त्या सकाळी तिने केलं ते तेवढंच होतं, नळ्या धुणं.

बारशाचं आमंत्रण सरलाकाकूंकडून आलं. वसुधा गेली, पाळण्यापासून लांब, दाराजवळ उभी राहिली. निघताना जिन्यात मालिनीच तिच्यामागे आली. पूर्वी ती वसुधाला तू म्हणायची.

"तुम्ही आलात, बरं झालं," ती म्हणाली. "मला एकदा बोलायचं होतं. भाजीचं मला काही नाही. चूक कुणाच्याही हातून होते. तुम्ही प्रेमाने केली होती, मला माहितीये. पण ती सकाळ आहे ना, वसुधाताई... तिचं मला काही करता येत नाही. हिला पाजताना मध्येच आठवते."

"मलाही," वसुधा म्हणाली.

"हो, पण तुमचं वेगळं," मालिनी म्हणाली आणि वर गेली.

त्यानंतर दोघी फारशा भेटल्या नाहीत. वसुधाचं एन्झाइम त्या उन्हाळ्यात शुद्ध झालं एकदाचं. डॉ. ओल्सननी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं, डगने पाठीवर थाप मारली. वसुधाने दर वेळी निकाल दोनदा तपासायचा, आणि शंका आली की लगेच, सगळ्यांदेखत बोलायचं, असा नियम करून घेतला होता. लोक त्याला काटेकोरपणा म्हणायचे. ती ते ऐकून कानकोंडी व्हायची.

रवीला अटलांटाजवळ नोकरी लागली. ऑगस्टच्या अखेरीला त्यांनी भाड्याचा ट्रक आणला आणि सामान भरायला सगळ्यांना बोलावलं. वसुधाला कुणी वगळलं नव्हतं. अशा कामाला गावातली सगळीच जायची. ऊन कडक होतं. ती पुस्तकांची खोकी खाली नेत होती. रवीने तिला "सांभाळून, जड आहे" म्हटलं. इतक्या महिन्यांत तो तिच्याशी आपणहून बोलला तो एवढाच.

गादी जिन्याच्या वळणावर अडकली. रवी खालून ओरडायला लागला. मालिनी मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, जवळ फक्त वसुधा होती. "जरा धरा हिला," म्हणून तिने मुलगी वसुधाच्या हातात दिली आणि गादीला हात लावायला धावली.

पाच-सहा महिन्यांचं पोर. अंगाला घामाचा आणि पावडरचा वास. वसुधा तिला घेऊन अंगणात झाडाच्या सावलीला उभी राहिली. मुलगी रडली नाही. तिने वसुधाच्या ओढणीचं टोक धरलं, सोडलं, मग खाली लोंबणाऱ्या फांदीकडे हात केला. वसुधा मागे, उन्हात सरकली. मुलीने आपलीच मूठ तोंडात घातली आणि चोखत बसली.

गादी ट्रकमध्ये गेली. मालिनी पदराने तोंड पुसत आली, मुलीला घेतलं, आणि घेता घेता, मुलीच्या चोखणाऱ्या तोंडाकडे लक्ष जाताच, तिने बोट घालून तोंड उघडलं आणि आत काय आहे ते पाहिलं. कुठलीही आई बघते तसं. आत काही नव्हतं. मग तिला जाणवलं, आणि तिने वर वसुधाकडे पाहिलं. दोघींच्याही चेहऱ्यावर ऊन होतं.

"सवय आहे हो," मालिनी म्हणाली. "सगळ्यांचंच बघते मी."

"बघावंच," वसुधा म्हणाली, आणि पुढचं खोकं आणायला जिना चढून वर गेली.